‘नवी मालिका येणार म्हणे’: किनवट, टीव्ही आणि ऐकीव बातमीचा इतिहास

पीएचडीचा विषय सांगितला की आमच्या किनवटला पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘यात इतिहास कुठं आला?’ मराठवाड्याच्या कडेच्या तालुक्यांमध्ये टीव्ही कसा पोचला, हा माझा विषय. लोकांना वाटतं इतिहास म्हणजे निजाम, रझाकार, मुक्तिसंग्राम. फार तर माहूरचा किल्ला. टीव्ही म्हणजे कालपरवाची गोष्ट. पण कालपरवाच्या गोष्टीची कागदपत्रंच लवकर हरवतात, कारण ती जपून ठेवावीत असं कुणाला वाटत नाही.

आज त्यातल्या एका छोट्या भागाबद्दल लिहितो. एखादी नवी मालिका सुरू होण्याआधी, विशेषतः अंतराळ, परग्रह, यंत्रमानव असलं काही असलेली मालिका येणार असेल तेव्हा, तिची बातमी किनवटसारख्या गावात कशी यायची? ती खरी किती असायची? आणि मालिका दिसण्याआधीच लोक तिच्याबद्दल काय काय ठरवून बसायचे? वरवर हा गंमतीचा विषय वाटतो. पण त्यात ‘प्रेक्षक कुणाला म्हणायचं’ हा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. त्यावर शेवटी येतोच.

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘म्हणे’. ‘शाळेला सुट्टी आहे’ आणि ‘शाळेला सुट्टी आहे म्हणे’ यात काय फरक आहे, ते आपल्याला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या वाक्यात बोलणारा सांगतो की हे मी बघितलेलं नाही, कुणाकडून तरी ऐकलंय, खोटं निघालं तर मला धरू नका. बातमी द्यायची, पण जबाबदारी घ्यायची नाही. माझ्या अभ्यासात हा शब्द फार महत्त्वाचा आहे. कारण किनवटमध्ये टीव्ही आधी ‘म्हणे’ या शब्दातून आला, पडद्यावर नंतर आला.

आधी टीव्हीच येणार होता

थोडा भूगोल सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. किनवट नांदेड जिल्ह्यात असलं तरी नांदेडपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून लांब आहे. आदिलाबाद मात्र त्याच्या एक तृतीयांश अंतरावर. हे काही योगायोगानं झालेलं नाही. हैदराबाद राज्यात किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेड जिल्ह्यात आलं. पैनगंगेपलीकडं विदर्भ, दुसऱ्या बाजूला तेलुगू मुलूख, मधे सागाचं जंगल आणि डोंगर. गावात मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू, दखनी अशा सगळ्या भाषा कानावर पडतात.

आता टीव्हीच्या तारखा बघा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ते मुंबईपुरतं, नंतर पुण्यापर्यंत. मराठवाड्याला त्याचा उपयोग नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह वापरून इस्रोनं सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांमध्ये टीव्ही दाखवला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आंध्र प्रदेश होता आणि कर्नाटकही होतं. गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे आपल्या शेजारचे जिल्हे त्यात होते. म्हणजे मराठवाड्याच्या दोन बाजूंच्या दोन राज्यांमध्ये काही खेड्यांना टीव्ही दिसत होता, आणि मधल्या आपल्या पट्ट्यात फक्त त्याची बातमी होती.

पुढचा टप्पा भारताच्या स्वतःच्या उपग्रहाचा. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये सोडला आणि सप्टेंबर १९८२ मध्येच तो निकामी झाला. १५ ऑगस्ट १९८२ ला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगीत टीव्ही आला, पण तो लांबलांबच्या गावांपर्यंत न्यायला उपग्रह हवा होता. इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ ला अमेरिकेच्या चॅलेंजर या अवकाशयानातून गेला आणि टिकला. त्यानंतर १९८४ मध्ये देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. काही महिने तर जवळजवळ रोज एक.

या साखळीतली एक गंमत मला फार आवडते. अंतराळाच्या गोष्टी पडद्यावर बघायला मिळण्याआधी एक खरीखुरी अंतराळातली गोष्ट घडावी लागली. एक उपग्रह बिघडला म्हणून आपली वाट लांबली, दुसरा नीट गेला म्हणून संपली. पण गावातल्या माणसाला यातलं फक्त एवढंच कळायचं: ‘टीव्ही येणार म्हणे.’ मग ‘यंदा नाही म्हणे.’ मग परत ‘येणार म्हणे.’

सिग्नल कसा ‘सापडायचा’

ही छोटी केंद्रं साधारण शंभर वॉटची असायची. त्यांचं चित्र पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत बरं दिसायचं. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला की संपलं. म्हणून केंद्रापासून लांब राहणाऱ्यांनी उंच बांबूवर किंवा लोखंडी पाइपावर अँटेना बांधली, आणि जिकडून चित्र येईल तिकडं तिचं तोंड फिरवलं. एक जण छपरावर, एक जण दारात, एक जण टीव्हीपुढं. ‘आलं का?’ ‘नाही!’ ‘आता?’ ‘आलं, आलं… गेलं!’ हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायची गरज नाही.

यात विज्ञानाचा एक बारकावा आहे. हवेच्या थरांमधलं तापमान उलटं झालं, म्हणजे खाली गार आणि वर उबदार हवा आली, की या लहरी थोड्या वाकतात आणि नेहमीपेक्षा खूप लांब जातात. त्यामुळं एखाद्या पहाटे किंवा संध्याकाळी लांबच्या केंद्राचं चित्र अचानक स्वच्छ दिसतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसत्या मुंग्या. हे कारण माहीत नसलेल्या माणसानं काय समजावं? काल काहीतरी दिसलं होतं, आज नाही. मग काल जे दिसलं ते काय होतं, यावर चर्चा. कार्यक्रमाचा एखादा तुकडाच बघायला मिळालेला, नाव माहीत नाही, भाषा अर्धवट कळलेली. बाकीची गोष्ट लोकांनी जुळवून घ्यायची. अफवेला याहून चांगली जमीन कुठली?

अफवा म्हणजे खोटी बातमी का?

इथं दोन अभ्यासकांची मदत घेतो. तामोत्सु शिबुतानी या समाजशास्त्रज्ञाचं अफवांवरचं पुस्तक १९६६ चं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अधिकृत बातमी पुरेशी मिळत नाही तेव्हा लोक एकत्र येऊन, आहे त्या तुकड्यांमधून आपापली बातमी तयार करतात. ती अफवा. म्हणजे अफवा ही लोकांच्या मूर्खपणाची खूण नाही. बातमी कमी पडल्याची खूण आहे.

दुसरे आपले इतिहासकार शाहिद अमीन. फेब्रुवारी १९२१ मध्ये गांधीजी गोरखपूरला आले. त्यानंतर त्या जिल्ह्यात त्यांच्या चमत्कारांच्या अनेक कहाण्या पसरल्या आणि तिथल्या ‘स्वदेश’ या पत्रात छापूनही आल्या. अमीन यांनी १९८४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. चमत्कार खरे की खोटे, हा त्यांचा प्रश्न नव्हताच. या कहाण्यांमधून शेतकऱ्यांनी गांधी कसा समजून घेतला, हे त्यांनी शोधलं. माझ्या कामाची रीत मी तिथूनच घेतली आहे. टीव्ही मालिका आणि स्वातंत्र्यलढा यांची बरोबरी करत नाही, गैरसमज नको. पण ऐकीव गोष्ट कशी वाचायची, ते त्या निबंधातून शिकता येतं.

आकाशाबद्दलच्या ऐकीव बातम्यांचा आपल्याकडचा मोठा नमुना टीव्हीच्याही आधीचा आहे: स्कायलॅब. अमेरिकेची ही अंतराळ प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ ला पृथ्वीवर कोसळली. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पण त्याआधीचे दिवस ‘ती आपल्यावर पडणार’ ही भीती देशभर होती. आपल्या शेजारच्या तेलंगणात तर ती इतकी लक्षात राहिली की २०२१ मध्ये ‘स्कायलॅब’ नावाचा तेलुगू चित्रपट निघाला, करीमनगर भागातल्या खेड्यातल्या त्या दिवसांवर. बातमी तेव्हा रेडिओवर होती, पेपरात होती. पण ‘नक्की कुठं पडणार’ हे शास्त्रज्ञांनाही शेवटपर्यंत सांगता येत नव्हतं. बातमी मोठी आणि तपशील धूसर. मग उरलेली जागा लोकांनी भरली.

१९८४: खरं अंतराळ आणि खोटं अंतराळ

३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले. इंदिरा गांधींशी त्यांचं बोलणं टीव्हीवर दिसलं. त्याच वर्षी केंद्रं वाढत होती, आणि ७ जुलैला ‘हम लोग’ सुरू झाली. पुढं ऐंशीच्या दशकाच्या मध्यात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका दूरदर्शनवर लागायची. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ मध्ये दाखवून झालेली होती. आपल्याकडं ती ‘नवी’ म्हणून आली, तीही इंग्रजीत.

आपल्याकडच्या मुलानं हे सगळं एकाच डब्यात, दोन-तीन वर्षांच्या आत बघितलं. राकेश शर्मा खरे, कॅप्टन कर्क खोटा. पण दोघंही त्याच काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, तसलेच घट्ट कपडे, तसलीच बटणं. कुठलं खरं आणि कुठलं नाटक, हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. माझ्या मुलाखतींमध्ये लोकांना साल आठवत नाही. ‘मी सातवीत होतो तेव्हा’ असं आठवतं. आणि मालिकेपेक्षा ती ज्यांच्या घरी बघितली ते घर जास्त आठवतं.

इथं मराठीतली एक विसंगती लक्षात घ्यायला हवी. छापील मराठीत विज्ञानकथा तेव्हा नवी राहिलेली नव्हती. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे लिहीत होते. वाचनालयात ही पुस्तकं मिळायची. म्हणजे परग्रहावरचा पाहुणा मराठी वाचकाला मराठीतून भेटलेला होता. टीव्हीवर मात्र तो आला दिल्लीहून, हिंदीत नाहीतर इंग्रजीत. छोट्या केंद्रांवरून सुरुवातीला मुख्यतः दिल्लीचाच राष्ट्रीय कार्यक्रम दिसायचा. मुंबईचे मराठी कार्यक्रम आमच्याकडं पोचायला पुढं बरीच वर्षं लागली. त्यामुळं जो नारळीकर वाचतो तो आणि जो टीव्ही बघतो तो, हे गावात बहुतेक वेगळे लोक होते. आणि नव्या मालिकेबद्दल शंका आली की विचारलं जायचं ते वाचणाऱ्याला, बहुतेक वेळा शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना. सरांनीही ती मालिका बघितलेली नसायची. पण उत्तर तर द्यावंच लागायचं!

तेरा भागांचं गणित

आता बातमी यायची कशी, ते बघू. पहिला रस्ता वर्तमानपत्राचा. पेपर एसटीनं यायचा, आणि त्यात दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा छोटा चौकोन असायचा. त्यात नाव आणि वेळ. बाकी काही नाही. दुसरा रस्ता टीव्हीवरच्या निवेदिकेचा आणि जाहिरातींचा, पण तो ज्यांच्याकडं टीव्ही आहे त्यांच्यासाठी. तिसरा रस्ता माणसांचा: नांदेडला, औरंगाबादला शिकायला असलेली मुलं, बदली होऊन आलेले कर्मचारी, मुंबईहून सुट्टीला आलेले पाहुणे. एक मीटरगेज रेल्वे आणि काही एसट्या, एवढ्यावर सगळी बातमी चालायची. सगळ्यांत जास्त तपशील याच तिसऱ्या रस्त्यानं यायचे, आणि सगळ्यांत कमी खात्रीचेही याच रस्त्यानं.

यात दूरदर्शनच्या कामाच्या पद्धतीनं भर घातली. खासगी निर्मात्यांच्या मालिकांना तेरा-तेरा भागांची मंजुरी मिळायची. तेरा आठवडे म्हणजे तीन महिने. ते संपले की मुदतवाढ मिळणार की नाही, हे दिल्लीत ठरायचं. प्रेक्षकाला त्यातलं काही माहीत नसायचं. एखाद्या रविवारी नेहमीच्या वेळी वेगळंच काहीतरी लागायचं, किंवा ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी. झालं. ‘बंद पडली म्हणे.’ ‘पुढच्या महिन्यात परत येणार म्हणे.’ ‘तिच्या जागी दुसरी येणार म्हणे, यंत्रमानवाची.’ ही वाक्यं कुणी खोटं बोलायचं म्हणून बोलत नव्हतं. कारण न सांगता बंद झालेल्या गोष्टीला कारण लागतं, आणि ते कुणीतरी पुरवतं.

१९८९ च्या आसपास ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ या आपल्या देशात तयार झालेल्या मालिका आल्या. आनंद महेंद्रू यांच्या ‘इंद्रधनुष’मध्ये मुलं स्वतः संगणक जोडतात आणि त्यातून भलतंच घडतं. आजचे प्रसिद्ध दिग्दर्शक करण जोहर त्यात बालकलाकार होते. लक्षात घ्या, तेव्हा आमच्याकडच्या बहुतेक मुलांनी संगणक प्रत्यक्ष बघितलेलाच नव्हता. संगणकाबद्दल जे पहिल्यांदा कळलं ते या मालिकेतून, आणि मालिकेबद्दल जे कळलं ते दुसऱ्याच्या तोंडून. म्हणजे संगणकाची कल्पना दोन हातांतून फिरून पोचत होती. ‘त्याला काहीही विचारलं तरी उत्तर देतो म्हणे’ हे वाक्य तेव्हा अफवा होतं. आज ते वाचताना आपण जरा थांबतो, नाही का?

बिस्किटाचा पुडा सिग्नलच्या पुढं गेला

नव्वदच्या दशकात चित्र बदललं. शहरात केबल आली, किनवटच्या बाजारपेठेतही आली. पण तालुक्यातल्या गावांमध्ये आणि पाड्यांवर दूरदर्शनच होतं, तेही बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या टीव्हीवर, लाइट नसेल तर.

१३ सप्टेंबर १९९७, शनिवार. ‘शक्तिमान’ सुरू झाली. मुकेश खन्ना त्याआधी ‘महाभारत’मधले भीष्म म्हणून घरोघरी माहीत होते. म्हणजे या वेळी बातमीला एक ओळखीचा चेहरा होता, आणि त्यामुळं ती वेगानं पसरली. ‘शक्तिमान’ निव्वळ विज्ञानकथा नाही; त्यात कुंडलिनी आहे, योग आहे, आणि वेडा शास्त्रज्ञही आहे. पण मुलांसाठी तो उडणारा माणूस होता, आणि ते पुरेसं होतं.

पार्ले-जी या मालिकेचं प्रायोजक झालं. शक्तिमानच्या भेटवस्तू, दुकानातले फलक, पेपरातल्या जाहिराती असं सगळं सुरू झालं. आता विचार करा. टीव्हीचा सिग्नल डोंगर ओलांडत नाही. बिस्किटाचा पुडा ओलांडतो. तो सायकलवरून जातो, आठवडी बाजारातून पिशवीत जातो. जिथं मालिका कधी दिसलीच नाही, तिथं शक्तिमानचं चित्र पोचलं. अशा मुलाला नायकाचा चेहरा माहीत, कपडे माहीत, तो गोल फिरून उडतो हेही माहीत. आणि एकही भाग बघितलेला नाही. त्याच्यासाठी मालिका कायम ‘येणार’ होती.

याच काळात ऐकीव गोष्टीची दुसरी, काळी बाजूही दिसली. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या देशभर पसरल्या. त्यातल्या किती खऱ्या, किती ऐकीव, यावर तेव्हाही वाद झाला. खन्ना यांनी आपली बाजू मांडली आणि मालिकेतूनच मुलांना सांगितलं की असं काही करू नका. गावोगावच्या आईबापांना मात्र एवढंच ऐकू आलं: ‘पोरं मरायलीत म्हणे.’ काही घरांत मालिका बंद झाली. ‘म्हणे’ या शब्दात जबाबदारी कुणाचीच नसते, हे मी वर लिहिलं. गंमतीच्या बातमीत ते चालून जातं. इथं त्याची किंमत मोजावी लागली: ज्या मुलाला समजावून सांगता आलं असतं, त्याला नुसतंच घाबरवलं गेलं.

१९९८ मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली. मिलिंद सोमण नायक, गोष्ट बाविसाव्या शतकातली, अंतराळातल्या तुरुंगातून पळालेले बारा गुन्हेगार पकडायचे. अंतराळातला नायक शेवटी एक मराठी माणूस झाला, पण बोलला हिंदीच. संगणकावर तयार केलेली एवढी दृश्यं आपल्या टीव्हीवर तोपर्यंत क्वचितच दिसली होती. काळ्या-पांढऱ्या बारक्या पडद्यावर, मुंग्यांमधून, ती सगळी मेहनत किती दिसली असेल हा प्रश्नच आहे. ज्यानं रंगीत टीव्हीवर बघितली तो येऊन रंगांचं वर्णन करायचा. ते वर्णन ऐकणं, हाही मालिका ‘बघण्याचाच’ एक प्रकार होता.

मोजलं कुणाला गेलं?

आता त्या मोठ्या प्रश्नाकडं येतो. टीव्हीचा इतिहास लिहिणारे दोन प्रकारच्या कागदांवर अवलंबून असतात. एक, प्रेक्षकांची पत्रं. ‘हम लोग’ला सुमारे चार लाख पत्रं आली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. फार मोलाचं साधन. पण पत्र कोण लिहितो? ज्यानं मालिका बघितली, ज्याला लिहिता येतं, ज्याला वाटतं की आपलं पत्र कुणीतरी वाचेल. दुसरं साधन म्हणजे प्रेक्षकसंख्येचे आकडे. हे मोजमाप अनेक वर्षं शहरांपुरतं होतं. ‘बार्क’ या संस्थेनं ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली ती २०१५ मध्ये. म्हणजे ‘शक्तिमान’ची लोकप्रियता मोजली जात होती तेव्हा किनवट तालुक्यातलं एकही खेडं त्या हिशोबात नव्हतं.

थोडक्यात, जे बघत होते त्यांच्यातलेही फार थोडे कागदावर आले. जे वाट बघत होते ते तर कुठंच आले नाहीत. सरळ हिशोबानं ते प्रेक्षकच नाहीत. पण त्यांना नायकाचं नाव माहीत होतं, गोष्ट माहीत होती, त्यांनी तिचे खेळ खेळले, तिच्यावरून भांडले. काहींनी तर न बघितलेल्या भागांच्या गोष्टी स्वतः रचून दुसऱ्यांना सांगितल्या. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठवाड्याच्या कडेच्या तालुक्यांमध्ये टीव्हीचा इतिहास पहिल्या सिग्नलपासून सुरू करून चालणार नाही. तो पहिल्या ‘म्हणे’पासून सुरू करावा लागेल. नाहीतर ज्यांच्यापर्यंत सगळं उशिरा पोचलं, ते इतिहासातही उशिराच येतील.

यावर एक रास्त आक्षेप आहे: ऐकीव गोष्टींची आठवण, तीही तीस वर्षांनंतरची, पुरावा म्हणून कशी धरायची? उत्तर असं की प्रसारणाच्या तारखेसाठी मी ती धरतच नाही. तारखा छापील साधनांतून घ्यायच्या. आठवण कामाला येते ती वेगळ्या प्रश्नांसाठी: बातमी कुणी आणली, कुठं सांगितली, कुणाला विचारून खात्री केली. हे एखादा माणूस विसरतो, पण एकाच वस्तीतल्या पाच-सहा जणांना वेगवेगळं भेटलं की रस्ता दिसायला लागतो. आणि तो रस्ता बहुतेक वेळा बाजाराचा, एसटीचा, वसतिगृहाचाच निघतो.

आणि आता

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शननं ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सनं ‘शक्तिमान’वर मोठ्या चित्रपटांची घोषणा केली. तेव्हापासून कोण नायक होणार यावर चर्चा सुरू झाली. रणवीर सिंगचं नाव फिरलं, आणि मार्च २०२४ मध्ये खन्ना यांनी त्याला जाहीर विरोध केला. हे सगळं किनवटमध्ये त्याच मिनिटाला कळलं, ज्या मिनिटाला मुंबईत कळलं. अंतर संपलं. मग ‘म्हणे’ संपायला हवं होतं. ते उलट वाढलं.

कारण आता ऐकीव बातमीचं उगमस्थान बदललंय. पूर्वी बातमी कमी होती म्हणून लोक ती रचायचे. आता बातमी भरपूर आहे, पण मुद्दाम अर्धी दिली जाते. अर्ध्या मिनिटाची झलक, नायकाची नुसती सावली, ‘सूत्रांनुसार’ म्हणून सोडलेलं एखादं नाव. आपण त्यावर बोलावं म्हणूनच ते केलेलं असतं. पूर्वी वाट बघणाऱ्याला कुणी मोजत नव्हतं. आता फक्त वाट बघणाऱ्यालाही मोजतात: झलक किती जणांनी बघितली, किती जणांनी पुढं पाठवली. मोजणी सुरू झाली, हे एका अर्थानं चांगलंच. पण ती मोजणी कंपनीच्या कामाची आहे. त्यात बातमी पाठवणाऱ्या माणसाला ती खरी वाटली की नाही, त्यानं कुणाला विचारून घेतलं, हे कुठं येत नाही.

माझ्या कामात सध्या सगळ्यांत मोठी अडचण आहे ती छापील चौकोनांची. पेपरचे जुने अंक बांधून ठेवताना कार्यक्रमांचं पान कित्येकदा गळालेलं असतं. ज्या पेपरात वह्यांची कव्हरं घातली गेली, ज्यात भजी बांधली गेली, तेच पान मला हवंय. १९८४ ते २००० मधला नांदेड, लातूर, परभणीकडचा एखादा अंक घरी माळ्यावर असेल, तर रद्दीत देण्याआधी एकदा बघा. आणि अंक नसेल तर आईवडिलांना, आजोबांना एवढंच विचारा: टीव्ही येणार, हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? उत्तर आलं की साल विचारू नका. सांगणारा कुठून आला होता, ते विचारा.